राईकडे रोखलेली दुर्बीण

गुंद, मंगळवार

प्रिय सुदेश,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे सुखरूप आहेत. फोनवर बोलावं तर तू "अक्का, गाडी चालवतोय, मग लावतो" म्हणतोस आणि तो 'मग' काही येत नाही. शिवाय आमच्याकडे रेंज मिळते ती टेकावरच्या काजूखाली, आणि तिथं आधीच चार जण एक कान फोनला आणि दुसरा आपल्याकडे लावून उभे असतात. मला जे सांगायचंय ते त्यांच्यासाठी नाही. म्हणून रक्षिताच्या वहीची पानं फाडली आणि बसले. लेक कुरकुरली, पण दिली तिनं. रामनगरच्या शाळेत सातवीपर्यंत गिरवलेलं अक्षर आहे, वाकडं आलं तर चालवून घे.

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना तुला शंका नको. मी दुर्बीण देणार नाही. कालच्या बैठकीला तू खास रामनगरहून गाडी बाजूला लावून आला होतास, पुरुषांच्या ओळीत पुढंच बसला होतास, तेव्हा गावचा न्याय करणारे आपले बुधवंत, महाबळेश्वरअण्णा, काय म्हणाले ते तू ऐकलंच आहेस. "केशर, पुढच्या सोमवारी ती दुर्बीण देवापुढं आणून ठेवायची. ती तिथंच ऱ्हाईल. न्हाई ठेवलीस तर तुझ्या घरच्या कार्याला गावातलं कोण येनार न्हाई." कार्य म्हणजे कोणतं ते त्यांना न सांगताही सगळ्यांना कळलं. वैशाखात रक्षिताचं लग्न आहे. मांडव गाव घालतं, पाणी गाव भरतं, पानं गाव लावतं. गाव आलं नाही तर बिनबापाच्या माझ्या लेकीचं लग्न मी आणि तू असं दोघांनीच उरकायचं. रात्रभर मी त्याचा विचार केला आणि सकाळी भाकऱ्या थापताना ठरवलं, उरकू. पण दुर्बीण मिळणार नाही.

गुन्हा काय माझा? मी देवाच्या राईकडे बघितलं. राईत बाईनं जायचं नाही हे मला कुणी शिकवायची गरज नाही. तीस वर्षं मी त्या शिवेच्या दगडाबाहेर चूल मांडून देवाची खीर रांधते. आम्ही बायका राईकडे पाठ करून बसतो, पातेलं मागच्या मागे दगडावरून पुरुषांच्या हातात देतो, आणि रिकामं परत येईपर्यंत मान वळवत नाही. माझ्या हातची खीर देवानं तीस वेळा खाल्ली, पण त्याचा दगड काळा आहे की तांबडा हे मला ठाऊक नाही. कधी कुरकुर केली नाही मी. आणि आताही माझा पाय दगडाच्या अलीकडेच होता. गेली ती नजर. आता नजर आत गेली म्हणजे बाई आत गेली का, यावर तुम्ही सगळे दोन तास भांडलात. महाबळेश्वरअण्णा बिचारे डोकं धरून बसले, म्हणाले, "असला प्रश्न माझ्या बापानं बी कधी सोडवला न्हाई." मी म्हटलं, मोतीबिंदू काढल्यापासून मी चष्म्यातून बघते, चष्म्यानं बघितलेलं चालतं तर दुर्बिणीनं का नाही? दोन लांब चष्मेच आहेत ते. मागं बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि तेच मला महागात पडलं.

पण ही दुर्बीण घरात कशी आली ते तुला अर्धंच माहीत आहे, कारण पहिल्या वेळी तूच बरोबर होतास. होमस्टेत स्वयंपाकाला लागून मला अकरा वर्षं झाली. पाहुणे येतात, गळ्यात दुर्बिणी, हातात जाड पुस्तकं, आणि ओसरीवर उभे राहून मलाच विचारतात, "केशरक्का, हे कोण ओरडलं?" मी चुलीपाशी बसल्या जागी सांगते. हा हळद्या, हा तांबट, हा पिकल्या उंबरावर येणारा हिरवा. ते धावतात, बघतात, खूश होतात, आणि मी डाळीला फोडणी देते. एक दिवस माझ्या मनात आलं की ज्यांची नावं मी सांगते त्यातले निम्मे मी कधी बघितलेलेच नाहीत. जंगलात जन्म गेला, सुदेश, आणि मला नुसते आवाज ठाऊक. त्या दिवशी मला स्वतःचाच राग आला.

मग तुला म्हटलं, बाजारात ने. आठवतं? तू गाडीतून नेलंस, त्या फिरत्या विक्रेत्याशी हुज्जत घातलीस आणि म्हणालास, "अक्का, मोठा आकडा घे, मोठा." तीस बाय साठ लिहिलं होतं तिच्यावर. आपण दोघंही टॉर्च घेणारी माणसं. भात राखायला जाताना तीन सेलपेक्षा पाच सेलचा टॉर्च चांगला, एवढंच आपलं शास्त्र. आकडा मोठा म्हणजे माल भारी. घरी येऊन डोळ्याला लावली तर सगळं रान गदागदा हलतंय! फांदी दिसेपर्यंत पाखरू उडालेलं, पाखरू दिसलंच तर ते कुठल्या झाडावर आहे याचा पत्ता नाही, आणि झाडांच्या सावलीत तर भर दुपारी अंधार. त्यात मी बाबांनी बंदुकीचा नेम धरावा तसा एक डोळा मिटून बघायची. पावसाळ्यात तिच्या पोटात वाफ धरली ती धरलीच. पण तू प्रेमानं घेऊन दिली होतीस, म्हणून मी ती खुंटीला लावून ठेवली आणि तू आलास की "छान आहे हो" म्हणायची. खोटं बोलायची सवय मला तुझ्यापायी अशी जुनी आहे.

खानापूरच्या तारा मॅडम दर हिवाळ्यात आमच्याकडे येतात. शाळेतून निवृत्त झाल्यात, पण शिकवायचं काही सुटलेलं नाही. त्यांनी मला एक डोळा मिटून बघताना पकडलं आणि ओसरीवरच वर्ग भरवला. पहिला आकडा म्हणजे वस्तू कितीपट जवळ येते तो. दुसरा म्हणजे पुढच्या काचेची रुंदी, ती जितकी मोठी तितका उजेड आत येतो. जवळ आणायचा हव्यास धरला की हाताची थरथरही तेवढ्याच पटीनं वाढते आणि दिसणारा तुकडा लहान होतो. दाट रानात बसणाऱ्याला रुंद दिसलं पाहिजे आणि सावलीत दिसलं पाहिजे. नव्या माणसानं आठ बाय बेचाळीस घ्यावी, पाखरांना चालते, लांबच्या डोंगराला चालते, जत्रेतल्या रथालाही चालते, असं त्या म्हणाल्या. आणि पाखरू दुर्बिणीत शोधायचं नसतं, डोळे त्याच्यावर ठेवायचे आणि दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. हे शिकायला मला आठवडा लागला. आठवडाभर मी उडून गेलेल्या पाखरांच्या फांद्याच बघितल्या.

दिवाळीनंतर एकटीच बेळगावला गेले. तुला सांगितलं नाही, तू परत मोठा आकडा घ्यायला लावला असतास. दुकानदारानं माझं गुडघ्यापर्यंतचं लुगडं बघितलं आणि विचारलं, "कुठल्या साहेबांनी पाठवलंय?" मी म्हटलं, साहेब मीच. मग त्यानं बारा बाय पन्नास पुढं केली, "मावशी, ही घ्या, दमदार आहे." गळ्यात अडकवून बघितली, जात्याची तळी बांधल्यागत मान खाली गेली. म्हटलं, ही तुम्ही घाला दिवसभर आणि संध्याकाळी मला सांगा. मग तीन-चार काढायला लावल्या आणि सगळ्या घेऊन रस्त्यावर उभी राहिले. दुकानातल्या दिव्याखाली सगळ्याच चांगल्या दिसतात. समोरच्या गच्चीवर कबुतरं होती, विजेच्या तारा होत्या. एकीत तार दुहेरी दिसली, ती परत. एकीत काठाला रंगाची झालर, ती परत. एकीला चष्मा लावून बघावं तर नुसतं मधलं भोक दिसायचं, तीही परत. जिचं डोळ्याकडचं रबर खाली फिरवलं की चष्म्यासकट सगळं गोल दिसतं, जिच्यात पाणी शिरत नाही, आणि जिच्या उजव्या नळीवरची चकती फिरवून माझ्या ऑपरेशनच्या डोळ्याचा आणि दुसऱ्या डोळ्याचा हिशेब वेगवेगळा लावता येतो, ती घेतली. दुकानदार शेवटी घामाघूम झाला. पण पिशवीत घालताना म्हणाला, "मावशी, एवढं बघून कुणी घेत न्हाई." मी एसटीत ती मांडीवर धरून आले, रक्षिता तान्ही असताना दवाखान्यातून आणली होती तशी.

त्यानंतरचे दोन महिने माझे फार सुखाचे गेले, तेही तुला सांगायचंय. पाहुण्यांच्या चहाआधी, उजाडताना, मी तासभर माझा काढून घेते. बावन्नाव्या वर्षी मला कळलं की तांबटाच्या कपाळावर शेंदराचा ठिपका आहे. आईला हे ठाऊक असेल का, असं उगाच वाटून डोळे भरून आले. ती गेली तेव्हा तू अकरा महिन्यांचा होतास. मावशीच्या घरून मला शाळेतून उठवून आणलं आणि तुला माझ्या पाठीला बांधलं. लावणीला तू पाठीवर, सरपणाला तू पाठीवर. गाडीचं लायसन्स मिळालं त्या दिवशी तू मला पुढच्या सीटवर बसवून सुप्याच्या धरणापर्यंत नेलंस आणि वाटेत दोनदा थांबून आइस्क्रीम दिलंस. मी तुझ्यासाठी काय केलं हे मी कधी बोलून दाखवलं नाही. आज लिहितेय, कारण पुढचं लिहायला मला त्याचा आधार लागणार आहे.

राईत एक पाखरू आहे. त्याचा मऊ, एकसुरी आवाज मी लहानपणापासून ऐकतेय. खीर ढवळताना पाठीमागून तो यायचा आणि मान वळवायची मनाई. तारा मॅडम म्हणाल्या, तो कर्णा, दाट सावलीत बसतो, माणूस दिसलं की पाठ करून गप्प राहतो. मला तो बघायचाच होता. म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी शिवेच्या दगडापाशी गेले, चपला काढल्या, दगडाला हात लावला आणि देवाला सांगितलं की मी येत नाही, नुसती बघते. त्याला चालत नसतं तर त्यानं धुकं आणलं असतं. धुकं नव्हतं. कर्णा मिळाला. बराच वेळ पाठ दाखवून बसला आणि मग वळला, तर सगळं पोट लालभडक. मी तोंडावर हात धरला, नाहीतर ओरडलेच असते.

त्याच गोलात, पाखराच्या खाली डाव्या अंगाला, मोठ्या शिसवापाशी दोन माणसं होती. तुझी ती तीस बाय साठ असती तर पाखरापलीकडे काही दिसलं नसतं. एकानं झाडाला टेप गुंडाळला होता, दुसरा आकडा वाचत होता. दोघांच्या पायांत बूट. राईत बूट, सुदेश! मला वाटलं माझाच डोळा फसवतोय. डावा मिटून बघितलं, उजवा मिटून बघितलं, चकती फिरवली, परत बघितलं. टेपवाल्यानं मान वर करून दगडाकडे बघितलं, अगदी माझ्याकडे. त्याच्या भुवईवर, लहानपणी माझ्या पाठीवरून घसरून बांधावर पडला होता तेव्हाचा, पांढरा व्रण मला दिसला.

मी घरी आले आणि मनाची समजूत घातली. देवाचा मंडप जुना झालाय, गावानं नवा करायचं ठरवलं असेल, बुधवंतांनीच माप घ्यायला सांगितलं असेल, घाईत बूट काढायचे राहिले असतील. आठ दिवस मी स्वतःला असंच भुलवलं. मग जोयड्याला कंदांचा मेळा आला. आमच्या कोनफळांच्या आणि सुरणाच्या टोपल्या न्यायला तू गाडी आणणार होतास, आणि आयत्या वेळी गाडी बिघडली म्हणून निरोप पाठवलास. आम्ही बसनं गेलो. सगळी वाडी दिवसभर मेळ्यात, मागं एक म्हातारं माणूस नाही. दोन दिवसांनी मी परत दगडापाशी उभी राहिले. शिसव नव्हता. तिथं आभाळ दिसत होतं. बुंध्याला चिखल फासून वर पाला टाकला होता, आणि पाल्यातून लाकडाचा ताजा जांभळा रंग दिसत होता. कर्ण्याचा आवाज त्या दिवसापासून आलेला नाही. आणि पुढच्याच आठवड्यात कुणीतरी बुधवंतांच्या कानावर घातलं की केशर राईत दुर्बीण लावून बघते. कुणी, ते मी बैठकीत विचारलं नाही. पण "आज बघतील, उद्या आत येतील," हे वाक्य पुरुषांच्या ओळीतून कुणाच्या आवाजात आलं ते मला कळलं. आवाजावरून ओळखायची माझी अकरा वर्षांची नोकरी आहे.

राईत पुरुष जातात ते वर्षातून एकदा, तेही देवाच्या दगडापर्यंत. पुढच्या खिरीपर्यंत तो बुंधा कुणाला दिसणार नाही, तोवर एक पाऊस होऊन जाईल, आणखी दोन शिसव जातील, आणि मग कधी पडले कुणी पाडले कोण सांगणार? तुझा बेत मला कळतो. गिऱ्हाईक कोण, मिल कुठली, ते मला नको सांगूस. तुला कसली अडचण होती तेही मी विचारणार नाही, कारण अडचण होती तर रामनगर ते गुंद एवढंच अंतर होतं, आणि मी कधी तुला दारातून परत पाठवलेलं नाही. पण तू झाड कापलंस त्यापेक्षा मला जास्त लागलं ते हे, की माझे डोळे बंद करायला तू देवाला पुढं केलंस आणि रक्षिताच्या मांडवाची भीती घालू दिलीस. मामा आहेस तू तिचा. अंतरपाटाशी तिच्या मागं उभा राहणार होतास.

काल महाबळेश्वरअण्णांनी सगळ्यांदेखत विचारलं, "आत काय बगितलंस?" तेव्हा तू मान खाली घातलीस आणि मी म्हटलं, "पाखरू." ते खोटं मी तुझ्यासाठी बोलले आणि ते शेवटचं. येत्या सोमवारी ते परत विचारतील, आणि मी दुर्बीण गळ्यात घालून उभी राहीन आणि काय बघितलं ते सांगेन. म्हणून हे पत्र. वनखात्याकडे मी गेले नाही, रक्षितालाही बोलले नाही. तुला सहा दिवस देतेय. माझ्याआधी तू बोल. रामनगरहून पहिली बस सातला सुटते, बैठक दहाला आहे. तू येऊन आपल्या तोंडानं सांगितलंस तर गाव जो काय दंड करील, जे काय तोंड सोडील, ते घ्यायला मी बायकांतून उठून पुरुषांच्या ओळीत तुझ्या शेजारी येऊन बसेन, मग कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. आणि नाही आलास तर तुझं नाव मीच घेईन.

तुझीच,
केशरक्का